सात नंबरवरचा लेसर

नागपूर–हैदराबाद रस्ता यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा खाली उतरत जातो. कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, पण जुने ट्रकवाले त्याला अजून 'सात नंबर'च म्हणतात. या रस्त्यावर अर्धी हयात ट्रक चालवलेले पांढरकवड्याकडचे एक गृहस्थ आणि पुण्यात गाड्यांच्या सेन्सरवर काम करणारी त्यांची भाची, यांच्यातला हा वाद आहे. मी दोघांनाही चांगला ओळखतो. जिथे मला राहवलं नाही तिथे मीही मध्ये बोललो आहे.

वादाचा विषय लिडार. गाडीच्या टपावर किंवा नाकाशी बसून लेसरच्या किरणांनी समोरच्या जगाचं लांबी-रुंदी-खोलीसह मोजमाप घेणारं यंत्र. अठरा-वीस वर्षांपूर्वी ते ७५ हजार डॉलरला मिळे. आता चीनमधली हेसाई ही कंपनी मोटारींसाठीचं लिडार २०० डॉलरच्या आत देते, म्हणजे साधारण सतरा-अठरा हजार रुपयांत. इतकं स्वस्त झालेलं यंत्र आपल्याकडच्या ट्रकवर, बसवर का असू नये, असं भाची विचारते. त्याच्या आधी गाडीवर काय काय असायला हवं, असं मामा विचारतात.

मामा : थे यंत्र रात्री पाहते म्हणते ना तू? मग मले सांग, सात नंबरवर रात्री माणूस काऊन मरते? समोरच्याचा अप्पर डोळ्यात बसते. तीन-चार सेकंद काहीच दिसत नाही. अन् तेवढ्यात पुढे कापसाची ट्रॉली उभी राह्यते. मागं ना लाइट, ना रेडियम. नाहीतर रोही आडवा येते.

भाची : ताशी ८० च्या वेगाने ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो, मामा. चार सेकंद म्हणजे जवळजवळ ९० मीटर तुम्ही काही न दिसता गेलात. लेसर स्वतःचा उजेड घेऊन फिरतो आणि स्वतःच्याच रंगाचा उजेड परत घेतो, त्यामुळे समोरच्या अप्परने तो दिपत नाही. विहिरीत हाक मारून, आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखतात ना, तसंच हे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. शंभर मीटरवरच्या ट्रॉलीवर आपटून परत यायला त्याला ६६७ नॅनोसेकंद लागतात. यंत्र हा वेळ सेकंदाला लाखो वेळा मोजतं. दर मोजणीला एक ठिपका, आणि सगळ्या ठिपक्यांचा मिळून समोरचा रस्ता उभा राहतो.

मामा : अन् काळी म्हैस? काळ्या डांबरावर, अमावस्येले?

भाची : अमावस्येचं त्याला काही नाही. काळ्या रंगाचं आहे. काळ्या अंगावरून प्रकाश कमी परततो, म्हणून ती उशिरा दिसते. चांगली कंपनी पल्ला सांगताना 'दहा टक्केच प्रकाश परतवणारी वस्तू किती लांबून दिसली' ते सांगते. पांढऱ्या भिंतीवर मोजलेला पल्ला कुणी सांगितला, तर तो मी मोजतच नाही.

मामा : धूळ? वणीच्या खाणीतून कोळसा भरून निघालं की पुढची गाडी दिसत नाही नुसत्या धुळीनं.

भाची : तिथे अडचण आहे. धुळीचे कण मध्येच प्रकाश परत फेकतात. एका किरणाचे दोन-तीन परतावे वेगळे वाचून शेवटचा धरायचा, एवढं करता येतं. दाट धुक्यात तेही पुरत नाही, तिथे रडार बरं. लिडार एकटंच पुरे, असं मी म्हणतच नाही.

या कबुलीनंतर मामांचा आवाज उतरला. ज्याला आपल्या मालाचा दोष सांगता येतो त्याच्याशी ते सौदा करतात. पुढचा प्रश्न त्यांनी सौद्याचाच विचारला.

मामा : पंचाहत्तर हजाराची वस्तू दोनशेत येते, म्हणजे पह्यले लुटत होते का आता भेसळ हाये?

भाची : दोन्ही नाही. ते ७५ हजारांचं यंत्र विकायला आणलं डेव्हिड हॉल यांनी. त्यांची व्हेलोडाइन कंपनी मुळात स्पीकर बनवायची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची 'डार्पा' ही संस्था बिनचालकाच्या गाड्यांची शर्यत भरवत होती. २००५ च्या शर्यतीत हॉल स्वतःच्या गाडीवर फिरतं लेसर बसवून उतरले. पुढे २००७ च्या शहरी शर्यतीत सहा गाड्या शेवटपर्यंत पोचल्या आणि त्यातल्या पाचांवर व्हेलोडाइनचं यंत्र होतं. त्या डब्यात ६४ लेसर आणि परतलेला प्रकाश टिपणारे ६४ डोळे. प्रत्येक जोडी एकमेकांशी अगदी नेमकी जुळवायची आणि वर ते सगळं डोकं गरगर फिरवायचं. पैसा त्या जुळवणीचा होता.

मामा : म्हणजे मिस्त्रीच्या हाताचा.

भाची : हो. स्वस्त करणं म्हणजे मुख्यतः तो हात काढून टाकणं. ६४ सुटे डोळे लावण्याऐवजी ते एकाच सिलिकॉनच्या चकतीवर छापायचे, मोबाईलच्या कॅमेऱ्याची चिप छापतात तसे. लेसरही सुटे न घेता एका तुकड्यावर ओळीने उगवायचे. मग जुळवणी कारखान्यातच एकदा होते, दर नगामागे मिस्त्री बसवावा लागत नाही. दुसरं, चारही बाजूंनी बघायची हौस सोडायची. मोटारीला पुढचे १२० अंश बहुतेक वेळा पुरतात. तेवढ्यासाठी डोकं फिरवायला नको, आतला एक छोटा आरसा फिरला तरी चालतं. लिव्हॉक्स नावाच्या कंपनीने २०१९ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयच्या छायेत वाढलेली ही कंपनी. मोजक्या लेसरपुढे दोन तिरक्या कापाच्या काचा वेगवेगळ्या वेगाने फिरवल्या की किरण फुलाच्या पाकळ्यांसारखा फिरतो आणि दर फेरीत नव्या जागेवर पडतो. थोडा वेळ थांबलं की सगळी जागा भरून निघते. ते यंत्र ५९९ डॉलरला आलं. त्याच्या वर्षभर आधी व्हेलोडाइनने आपलं १६ लेसरवालं यंत्र सात हजार नऊशे नव्व्याण्णव डॉलरवरून निम्म्यावर आणलं होतं, तेव्हा तीच मोठी बातमी होती.

लेसरच्या रंगाचाही किमतीशी संबंध आहे, तो तिने मला वेगळा समजावला. ९०५ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश साध्या सिलिकॉनला दिसतो, म्हणून टिपणारा डोळा स्वस्त पडतो. पण तो माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो, म्हणून फार जोरात सोडता येत नाही. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो. तो कितीतरी जोरात सोडता येतो, लांबचं दिसतं, पण त्याला इंडियम-गॅलियमचे महागडे डोळे लागतात. ल्युमिनार या अमेरिकी कंपनीने ही दुसरी वाट धरली होती. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २०२२ मध्ये क्वानर्जी बुडाली आणि ज्या व्हेलोडाइनने हा धंदा सुरू केला ती २०२३ मध्ये आऊस्टर कंपनीत विरून गेली.

मामा : म्हणजे ज्यानं शोधलं थो बुडाला अन् ज्यानं लाखानं विकलं थो तरला.

भाची : लाखाने विकता आलं म्हणूनच किंमत पडली. चीनमधल्या मोटार कंपन्यांनी मागणी दिली.

मामा : मंग आपली मागणी कोन देईन? टाटा, महिंद्रा का माह्या ट्रकाचा मालक? अन् लेसर नाही म्हणणारेही हायेत ना जगात?

आहेत, आणि वजनदार आहेत. टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१९ मध्ये लिडारच्या नादी लागणं हा मूर्खपणा आहे असं जाहीरच सांगितलं. माणूस दोन डोळ्यांनी गाडी चालवतो तर गाडीला कॅमेरे पुरतील, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की, दोन साध्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतून काढलेली खोली लिडारसारखी ठिपक्यांत मांडली, तर संगणकाला समोरच्या वस्तू पूर्वीपेक्षा कितीतरी नेमक्या सापडतात. उदाहरण आपल्या शेजारीही आहे. नागपुरात २०२१ मध्ये 'आय-रस्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि नागपूर महापालिका असे त्यात होते. महापालिकेच्या बसवर कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली. समोरच्या गाडीशी, माणसाशी टक्कर होण्याची वेळ आली की ती चालकाला सावध करते. अशा सूचना शहरात पुन्हा पुन्हा कुठे वाजतात, त्या जागाही टिपल्या गेल्या. जिथे अपघात व्हायचा आहे पण अजून झालेला नाही, अशा जागा. ही बस पुढे आपल्याला लागणार आहे.

भाची : नागपूरचा प्रयोग चांगलाच होता. पण कॅमेऱ्याला समोरचं काय आहे ते आधी ओळखावं लागतं. हंगामातला कापसाचा गाडा आठवा. दोन्ही बाजूंनी फुगलेला, चाकं झाकलेली, वर ताडपत्री. किंवा पऱ्हाट्या भरलेली बैलगाडी. दुसऱ्या देशात शिकलेल्या संगणकाने असली आकृती कधी पाहिलेली नसते. हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांची चित्रं गोळा केली, पुढे लिडारचीही नोंद केली, ती याचसाठी. लेसरला तो गाडा आहे की गंजी हे कळलं नाही तरी चालतं. साठ मीटरवर काहीतरी आडवं आहे एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

मामा : हे पटलं. नाव माहीत नसलं तरी ब्रेक मारता येते. पण बाई, ब्रेक कुठी हाये? सेन्सर दोनशेचा झाला. त्याच्यामागं संगणक पाह्यजे, अन् ब्रेकले त्याचं ऐकाले लागते. मोठ्या गाड्याईले एबीएस लागलं २०१५ ले. त्याच्या आधीच्या गाड्या काय रस्त्यावर नाहीत? अर्ध्याईचे मागचे लाइट बंद, टायर गुळगुळीत. अठरा हजारात किती ट्रॉल्याईले रेडियम लागते थे मोज. रेडियमले ना वायर, ना प्रोग्राम. मागून येणाऱ्या जुन्यातल्या जुन्या गाडीलेही थे दिसते.

भाची : रेडियम लावाच, मी नाही म्हणत नाही. पण मोठ्या बस-ट्रकना आपोआप लागणारा ब्रेक आणि चालकाला डुलकी लागली की इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला आहे. उद्या ती यंत्रणा लागणार असेल, तर तिच्यात लेसरला जागा हवी.

मामा : नव्या गाडीले लागीन. अन् थे नवी गाडी जुन्या ट्रॉलीवर जाईन.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. त्यांतली कितीतरी पायी होती, दुचाकीवर होती. सेन्सर ज्या गाडीत बसेल ती गाडी ज्यांच्या अंगावर जाते, ते लोक ती गाडी विकत घेणाऱ्यांतले नसतात. यंत्र स्वस्त झालं म्हणजे ते आधी महागड्या मोटारीत जातं आणि खाली यायला वर्षं लागतात. रेडियमची पट्टी मात्र उद्या सकाळी ट्रॉलीला लागू शकते, आणि ती लावून घेण्यासाठी कुणाच्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. हे काम अजून अर्धवट आहे याचा मला राग येतो.

मग भाचीने विषय रस्त्यावरून शेतात नेला आणि बैठक गंभीर झाली.

भाची : मामा, २०१७ आठवतं?

आठवण काढायची गरज नव्हती. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यांत होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकापाठोपाठ एक रुग्ण येत होते. कपाशी डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेतलेला माणूस वर तोंड करून फवारत होता आणि औषध त्याच्याच अंगावर उतरत होतं.

भाची : अमेरिकेत ओहायोमध्ये तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राला लिडार जोडलं. लेसर झाड मोजतं. झाड आहे तिथेच आणि त्याच्या पानोऱ्याच्या मानाने नोझल उघडतं, मोकळ्या जागेत बंद राहतं. औषध निम्म्याच्या आसपास वाचतं, हवेत उडणारं तर त्याहूनही जास्त घटतं. सेन्सर महाग असेपर्यंत हे फक्त मोठ्या फळबागांना परवडायचं.

मामा : तिथं फळबाग हाये. इथं पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टर घाल बरं. चाक रुतून बसते. अन् दोन-चार एकरवाल्याले कोणता ट्रॅक्टर? फवारणीचं फिरतं वाहन म्हणजे आपल्या इकडे माणूस हाये, बाई. त्याच्या पाठीवर कोनतं लेसर लावतं?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. सबंध चर्चेत मला सर्वांत खरं वाटलेलं वाक्य हेच. 'फिरत्या वाहनासाठी' असं म्हणून जगभरचे अभियंते सेन्सर स्वस्त करत आहेत आणि आमच्याकडे ते वाहन दोन पायांचं आहे.

भाची : माणसाच्या पाठीवर नाही लावायचं. माणसाला त्या फवाऱ्यातून बाहेर काढायचं. ड्रोन पिकावर ठरावीक उंचीने उडाला पाहिजे. उंच गेला तर औषध शेजारच्या धुऱ्यापलीकडे जातं, खाली आला तर पिकाला धडकतो. आज अनेक ड्रोन ही उंची रडारने धरतात. स्वस्त लिडार आलं तर पिकाचा चढउतार, मधला खांब, तारा अधिक नेमक्या दिसतील. केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायची आहे. तो चालवणारी बाई बांधावर, वारा येतो त्या बाजूला उभी असेल. डोक्याएवढ्या कपाशीत कुणी शिरणार नाही.

मामा : हे जर होत असन, तर याच्याले पैसा लागू दे. इथं मी तुले महाग-स्वस्त विचारत नाही.

त्यांनी एवढं सरळ मान्य करावं याचं तिलाही नवल वाटलं असावं. मला शंका आहे ती ड्रोनच्या दुरुस्तीबद्दल. बॅटऱ्या गेल्यावर, पंखा तुटल्यावर तालुक्याच्या गावी तो दुरुस्त करणारा असला पाहिजे, नाहीतर पाठीवरचा पंप परत निघतो. पण दिशा तिची बरोबर आहे.

शेवटचा विषय मी काढला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये २३ राज्यांतल्या सुमारे २१ हजार किलोमीटर रस्त्यांवर मोजणीची खास वाहनं फिरवण्याचं जाहीर केलं. त्यांवर त्रिमितीय लेसर यंत्रणा असते. वाहन चालतं तसे भेगा, खड्डे, ठिगळं आपोआप नोंदली जातात. पण जिल्ह्यातले बहुतेक लोक ज्या रस्त्यांवर मरतात-जगतात, ते राज्याचे, जिल्हा परिषदेचे, खाणीकडे जाणारे.

मामा : खड्डा कुठी हाये हे मोजाले लेसर पाह्यजे? कोन्याही ड्रायव्हरले विचारा.

भाची : ड्रायव्हरचं ऐकतं कोण, मामा? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे कुणी गेलं तर वारसांना ६ लाख आणि जखमी झालं तर ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. तिथे उभं राहून 'खड्डा होता' असं सांगावं लागेल. तोवर तो बुजवलेला असतो. अमुक तारखेला, अमुक किलोमीटरवर, एवढा लांब, एवढा खोल, ही नोंद असेल तर ती नाकारता येत नाही.

मामा : दोनशे डॉलरवालं यंत्र थे मोजते?

भाची : एका फेरीत कच्चं मोजतं. दोन-तीन सेंटिमीटरने चुकतं. प्राधिकरणाच्या वाहनावरची यंत्रणा मिलिमीटरपर्यंत जाते, ती वेगळी आणि महाग. शिवाय चालत्या गाडीवर मोजायचं तर गाडी नेमकी कुठे आहे आणि किती कलली आहे हेही क्षणाक्षणाला कळावं लागतं, आणि ते सांगणारं यंत्र आता लेसरपेक्षा महाग पडू शकतं. पण एकाच रस्त्यावरून रोज जाणारी गाडी असेल, तर शंभर कच्च्या मोजण्या एकावर एक ठेवून बऱ्यापैकी पक्की मोजणी निघते. महागड्या एका फेरीचं काम स्वस्त शंभर फेऱ्या करतात.

मामा : रोज त्याच रस्त्यानं जाणारी? यष्टी!

ते खुर्चीतून उठलेच. लेसर बसच्या ब्रेकला जोडायचं नाही, चालकाच्या कामात घालायचं नाही. गाडी चालवणारा माणूसच राहील. बसने फक्त जाता-जाता रस्ता मोजायचा. नागपूरच्या बसने कॅमेऱ्याने धोक्याच्या जागा टिपल्या, तसं यवतमाळच्या लालपरीने तालुक्या-तालुक्याचे रस्ते टिपायचे. एका आगारात दहा बसना यंत्र लावलं तर सेन्सरचा खर्च दोन लाखांच्याही आत राहतो. बाकीचा खर्च त्याहून बराच जास्त येईल, हे भाचीने लगेच बजावलं. गाडीतली दोन माणसं वाचवायला लेसर लावावं की नाही यावर दोघांचं एकमत झालं नाही, होणारही नव्हतं. पण रस्त्यानेच स्वतःबद्दल साक्ष द्यावी, याला दोघांचीही तयारी होती. स्वस्त झालेल्या यंत्राचा सगळ्यात न्याय्य उपयोग मलाही हाच दिसतो, कारण त्याचा फायदा बैलगाडीवाल्यालाही पोचतो.

मग मामांनी अटी घातल्या. मोजणी ठेकेदाराच्या हाती जायची नाही. दर महिन्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे, मराठीत, किलोमीटरच्या दगडानुसार. खड्डा बुजवल्यावर तीच बस पुन्हा मोजेल आणि बुजवलेला टिकला का तेही लिहील. भाची म्हणाली, नोंद कुणाच्या ताब्यात राहील हे आधी लिहून घ्यावं लागेल, आणि रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे त्यात येणार नाहीत हेही. लेसरच्या ठिपक्यांत चेहरा ओळखू येत नाही, कॅमेरा जोडला तर येतो, म्हणून कॅमेरा जोडायचा नाही, असं तिचं मत पडलं.

"पह्यली बस कोन्या रस्त्यावर?" मी विचारलं.

"वणीवाल्या," मामा म्हणाले, "कोळशाच्या गाड्या जाते तिकडे. मृगाच्या आधी एक मोजणी, अन् पोळा झाला की दुसरी. दोन्ही कागद मले दाखवा."